पऱ्हाटीचा कोळसा आणि हवेतला बाजार



गेल्या अंकातील वृत्तान्तात मी 'बायोचारचे खड्डे' असा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर पत्रे आली. एका वयोवृद्ध देणगीदारांनी सरळच विचारले, "आदिवासींना कोळसा पाडायला शिकवण्यासाठी आम्ही पैसे पाठवतो काय?" प्रश्न रास्त आहे. पाठोपाठ एका मंडळीच्या तरुण संघाने उलट बाजूने लिहिले की, कार्बन क्रेडिटमध्ये म्हणे खूप पैसा आहे, मग आपल्या वस्त्यांना तो अजून का मिळत नाही? या दोन पत्रांना एकच उत्तर द्यायचे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आम्ही काम करतो त्या वस्त्या वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या बाजूला आहेत. बहुतेक घरे गोंडांची, एक लहानसा पोड कोलामांचा. कोणाकडे दोन एकर, कोणाकडे तीन. काहींना वनहक्काचा पट्टा मिळाला आहे, काहीजण दुसऱ्याचे वावर मक्त्याने करतात. पीक कापसाचे, मध्ये तुरीच्या ओळी. जानेवारी-फेब्रुवारीत कापसाची उलंगवाडी होते आणि वावरात उभी राहते ती नुसती वाळलेली पऱ्हाटी. ती चिमट्याने उपटतात, धुऱ्यावर आणून टाकतात आणि एखाद्या संध्याकाळी पेटवून देतात. त्या दिवसांत गिरडच्या रस्त्याने आलात तर दोन्ही बाजूंना धूर दिसेल.

पेटवण्यामागे आळस नाही, हे आधी सांगते. पऱ्हाटी जाड आणि चिवट असते, वखराने मातीत जात नाही. बारीक करायचे यंत्र भाड्याने आणणे दोन एकरवाल्याला परवडत नाही. शिवाय झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. २०१७ साली या अळीने विदर्भाचा कापूस कसा खाल्ला, ते इथे कोणी विसरलेले नाही. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी रचून ठेवू नका, असे कृषी खाते आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था दरवर्षी सांगते. रचलेल्या ढिगातली अळी पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. तेव्हा जाळणे हे शेतकऱ्याच्या दृष्टीने शहाणपणच आहे. प्रश्न फक्त कसे जाळायचे, एवढाच आहे.

उघड्यावर पेटवलेली पऱ्हाटी राख होते. झाडाने वर्षभर हवेतून ओढून घेतलेला कार्बन तासाभरात पुन्हा हवेत जातो. पण तीच पऱ्हाटी हवा कमी मिळेल अशा रीतीने जाळली, तर तिच्यातला निम्म्याच्या आसपास कार्बन कोळशाच्या रूपाने मागे राहतो. हा कोळसा मातीत मिसळला की सहजासहजी कुजत नाही, त्यातला मोठा भाग शेकडो वर्षे टिकतो. चुलीसाठी नव्हे, तर मातीत घालण्यासाठी पाडलेल्या या कोळशालाच बायोचार म्हणतात. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षांपूर्वी कोळसा आणि खरकटे मिसळून तयार केलेली काळी जमीन आजही सुपीक आहे. शास्त्रज्ञांचे लक्ष तिच्याकडे गेले आणि त्यातून हा विषय पुढे आला. म्हणजे ही युक्ती जगाला आदिवासींनीच दिली. आपण ती त्यांना शिकवायला निघालो आहोत, असा आव मी तरी आणणार नाही.

आम्ही जी पद्धत वापरतो तिला भट्टी लागत नाही. पाच फूट रुंद आणि अडीच फूट खोल, खाली निमुळता होत जाणारा खड्डा खणायचा. तळाशी थोडी काटकी ठेवून ती वरून पेटवायची. निखाऱ्यावर पांढरी राख दिसू लागली की पऱ्हाटीचा पुढचा थर टाकायचा, मग पुन्हा राख दिसेपर्यंत थांबायचे. वरची ज्वाळा खालच्या थरातून निघणारा वायू जाळून टाकते, त्यामुळे धूर फारसा होत नाही. आणि वर येणारी सगळी हवा ज्वाळाच खाऊन टाकते, म्हणून खालचा कोळसा जळत नाही. दोन-तीन तासांत खड्डा भरतो, मग पाणी ओतून विझवायचे. लोखंडी शंकूत हेच काम करणारी 'कॉन-टिकी' भट्टी २०१४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाली. आपल्या देशात हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने तेलाच्या पिंपापासून स्वस्त भट्टी बनवली आहे, आणि तिच्यात कपाशी, तूर, एरंडी यांची धसकटे-काड्या चालतात.

ऐकायला सोपे वाटते. आमचा पहिला खड्डा पूर्ण वाया गेला. मार्चमध्ये हातपंपाला पाणी कमी, आणि खड्डा विझवायला बायकांनी दहा-बारा घागरी ओतायच्या, हे मला पटेना. म्हणून मी म्हटले, मातीने झाकू. झाकला. सकाळी उघडला तर आत कोळशाऐवजी करडी राख! मातीच्या थरात कुठेतरी भेग राहिली होती आणि रात्रभर आत हवा जात होती. कोलाम पोडातले एक काका शांतपणे म्हणाले, "ताई, आमाले इचारलं असतं तं सांगतलं असतं." त्यांच्या वडिलांनी जंगलात ठेकेदारासाठी कोळसा पाडला होता. ओल्या मातीचा लेप, त्यावर पाला, त्यावर पुन्हा माती, हे सगळे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या वेळी खड्ड्याची सूत्रे मी त्यांच्या हाती दिली. आता पहाटेच खड्डा पेटवतो, वारा सुटायच्या आत विझवतो. जंगल जवळ आहे आणि मार्चची ठिणगी फार दूर जाते.

एका खड्ड्यातून साठ-सत्तर किलो कोळसा निघतो. तो तसाच वावरात टाकायचा नाही, ही चूक पुष्कळजण करतात. कोरा कोळसा भुकेला असतो, मातीतले नत्र आधी स्वतः धरून ठेवतो आणि त्या वर्षी पीक पिवळे पडते. म्हणून तो शेणखतात, गोमूत्रात दोन-तीन आठवडे मुरवायचा आणि मग तासात टाकायचा. त्याच्या बारीक छिद्रांत पाणी आणि खत थांबते.

पीक किती वाढते? इथे मला थोडे हात आखडूनच बोलावे लागते. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण प्रदेशांत उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास वाढलेले दिसले, थंड देशांत काहीच फरक दिसला नाही. पण उष्ण प्रदेशांतला फायदा मुख्यतः आम्ल आणि कस नसलेल्या जमिनींत होता. वर्ध्याची काळी माती मुळात अल्कधर्मी, आणि बायोचारही तसाच. भारी काळ्या जमिनीत चमत्कार होईल असे जो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आमच्या लोकांची वावरे मात्र बहुधा टेकडीच्या कडेची, हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी आहेत. चांगली जमीन त्यांच्या वाट्याला कधी आली? तिथे कोळसा ओल धरतो, आणि ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवस दडी मारली तर तेवढ्यानेही फरक पडतो. इतके मी स्वतः पाहिले आहे.

आता बाजाराकडे येऊ. एखादी मोठी कंपनी हवेत कार्बन सोडते. तेवढाच कार्बन दुसऱ्या कोणी हवेतून काढून डांबून ठेवला, तर त्याचा दाखला ती विकत घेते. एक टन कार्बन डायऑक्साइडचा एक दाखला, यालाच कार्बन क्रेडिट म्हणतात. बायोचारचे क्रेडिट झाडे लावून मिळणाऱ्या क्रेडिटपेक्षा महाग विकले जाते, कारण झाड लावले तर ते उद्या कोणी तोडू शकतो, मातीत मिसळलेला कोळसा कोणी परत काढत नाही. गेल्या काही वर्षांत त्याचा भाव टनाला साधारण १०० ते २०० डॉलर राहिला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने 'वराह' या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टनांची क्रेडिट घेण्याचा करार केला. तो कोळसा गुजरातेतल्या वेड्या बाभळीचा. वर्षभराने मायक्रोसॉफ्टने त्याच कंपनीशी एक लाख टनांहून अधिकचा करार केला, आणि तो आपल्या महाराष्ट्रातल्या पऱ्हाटीचा! त्यासाठी अठरा मोठ्या भट्ट्या उभारायची योजना आहे. धुऱ्यावर जळणाऱ्या पऱ्हाटीचे नाव अमेरिकेपर्यंत पोहोचले, याचे मला अजून नवल वाटते.

तरुण संघाच्या पत्राचे उत्तर आता अंकांत देते. एका एकरातून सुमारे दहा क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. तिचा कोळसा होतो दोन-सव्वादोन क्विंटल. त्यात शुद्ध कार्बन दीड क्विंटलच्या आसपास. एक किलो कार्बन जळला तर पावणेचार किलोला थोडा कमी कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे साडेपाच क्विंटल टळला. जळताना निघालेला मिथेन आणि इतर वजावट धरली, तर एकरी अर्धा टन. दोन एकरवाल्या कुटुंबाचे, सगळी पऱ्हाटी खड्ड्यात गेली तरी, वर्षाला एक क्रेडिट. शंभर डॉलरचा भाव धरा, नऊ हजार रुपयांच्या आसपास झाले. ही झाली बाजारातली किंमत. त्यातून नोंदणी, तपासनीस, प्रयोगशाळा, मोबाइलवरच्या नोंदी आणि मधल्या कंपनीचा खर्च व नफा वजा होतो. शेतकऱ्याच्या हातात जे उरते त्यात खड्ड्यावर राबलेल्या सहा-सात दिवसांची मजुरी सुटली, तरी बरे म्हणायचे.

एकटे कुटुंब या बाजारात जाऊच शकत नाही. लहान शेतकऱ्यांसाठी 'ग्लोबल आर्टिझन सी-सिंक' नावाचे स्विस मानक आहे. खड्ड्यात पाडलेला कोळसाही ते मान्य करते. पण प्रत्येक खड्ड्याचा फोटो, जागा, मोजमाप आणि कोळसा कोणत्या वावरात गेला याची नोंद मागते. जिवंत झाड तोडलेले चालत नाही. कोळसा मातीत न घालता चुलीत जाळला, तर हिशेब शून्य. हे सगळे करायला शंभर-दोनशे घरांचा गट लागतो, मग तो शेतकरी उत्पादक कंपनी असो की बचतगटांचा संघ. सरकारही या वाटेने चालले आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. पण चौकट तयार झाली म्हणजे दार आमच्या पोडापर्यंत आले, असे नाही.

मागच्या वर्षी एका कंपनीचे दोन तरुण आमच्याकडे आले. (वर ज्या कंपन्यांची नावे घेतली त्यांतली ही नव्हे.) बोलणे गोड, हातात टॅबलेट. महिलांच्या बैठकीत त्यांनी छान चित्रे दाखवली आणि शेवटी करारनामा काढला. तो इंग्रजीत होता. मी वाचायला मागितला तेव्हा म्हणाले, "ताई, ही फक्त औपचारिकता आहे." रात्री कंदिलाशेजारी बसून मी तो वाचला. मुदत वीस वर्षे. त्या वावरातून निर्माण होणाऱ्या 'सर्व' कार्बनवर कंपनीचा हक्क. पऱ्हाटीपुरता नाही, उद्या कोणी धुऱ्यावर आंबा लावला तर त्याचाही. शेतकऱ्याला हिस्सा मिळणार 'निव्वळ नफ्यातून', आणि नफा म्हणजे काय ते कंपनी ठरवणार. सही सातबाराधारकाचीच.

या शेवटच्या ओळीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. आमच्या वस्त्यांत खड्डा खणते बाई, पऱ्हाटी वाहून आणते बाई, पण सातबाऱ्यावर नाव असते नवऱ्याचे, सासऱ्याचे, नाहीतर वारलेल्या आजोबांचे. जो मक्त्याने करतो त्याचे नाव तर कुठेच नसते. त्याने दहा क्विंटल पऱ्हाटीचा कोळसा पाडला तर पैसे गावातल्या मालकाच्या खात्यात जाणार, आणि पुढल्या वर्षी मालक म्हणणार, पऱ्हाटीलाही भाव आला, मक्ता वाढव.

दुसरा प्रश्न त्याच बैठकीत एका गोंड आजीने विचारला होता. तेव्हा सगळे हसले, मीसुद्धा. "ताई, पऱ्हाटी सारी खड्ड्यात गेली तं पावसायात सयपाक कायच्यावर कराचा?" रात्री करार वाचताना तो आठवला आणि हसू राहिले नाही. आम्ही सगळे पऱ्हाटीला 'टाकाऊ' म्हणत होतो. पण भूमिहीन घरांच्या चुली तिच्यावरच चालतात. गॅसची टाकी घरात आहे, भरायला पैसे नाहीत. ज्यांना स्वतःचे वावर नाही त्या बायका उलंगवाडीनंतर दुसऱ्याच्या वावरातली पऱ्हाटी उपटून देतात आणि मजुरीऐवजी तीच घरी आणतात. कोणी अडवत नाही, कारण आजवर तिला भाव नव्हता. बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी रूथ आपल्याला शास्त्रातून ठाऊक आहे. इथे 'सरवा' हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे, आणि पऱ्हाटी हा त्या बायकांचा सरवा आहे. कोळशाला भाव मिळाला आणि त्यांची चूल विझली, तर मग आपण काय साधले?

वर्धेत बसून हा विचार करणारी मी पहिली नाही. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडीत त्याचे ठाणे पडले. त्याचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे तंजावरकडच्या ख्रिस्ती घरातले, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. १९४५ मध्ये त्यांची दोन पुस्तके आली, एक येशूच्या शिकवणीवर आणि दुसरे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्ही तुरुंगात लिहिलेली. दुसऱ्या पुस्तकात ते दगडी कोळसा-पेट्रोल यांना साठलेल्या तळ्याची संपत्ती म्हणतात, उपसली की संपणारी. आणि झाडाझुडपांच्या संपत्तीला वाहत्या झऱ्याची. आज तळे उपसून झालेला धूर झऱ्याकाठच्या माणसाने साठवून द्यावा, असा हा नवा बाजार आहे. कुमारप्पांनी पहिला प्रश्न विचारला असता, त्या माणसाला त्यातून काय मिळते? मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. वर्धेला आलात तर तिथले मगन संग्रहालय अवश्य पाहा.

आम्ही करारावर सही करू दिली नाही, असे मी लिहिणार नाही. निर्णय वस्तीचा होता. तीन बैठका झाल्या. करार मराठीत लिहून काढला आणि झाडाखाली मोठ्याने वाचला. काही तरुण नाराज झाले, दोन हजार का होईना, येत होते ना, असे ते म्हणाले. त्यांचे खोटे नाही. ज्या घरात मार्चमध्ये दुकानदाराची उधारी थकलेली असते, तिथे दोन हजार मोठे असतात, आणि मला दर महिन्याला मानधन मिळते हे मी विसरू नये. शेवटी वस्तीने कंपनीला उत्तर पाठवले. मुदत पाच वर्षांची करा. हक्क फक्त पऱ्हाटी-तुराट्यांच्या कोळशापुरता ठेवा. हिस्सा नफ्यातून नको, विक्रीच्या भावातून द्या. पैसे खड्ड्यावर राबणाऱ्याच्या खात्यात जमा करा, मग सातबारा कोणाचाही असो. कंपनीचे उत्तर अजून आलेले नाही.

दरम्यान खड्डे चालू आहेत, स्वतःच्या वावरासाठी. आपल्या देणगीतून पिंपाच्या दोन भट्ट्या, एक ताणकाटा आणि जाड तळव्याचे बूट घेतले. भट्टी वावरात वाहून नेता येते, त्यामुळे ज्यांचे वावर वस्तीपासून लांब आहे त्यांची सोय झाली. प्रत्येक खड्ड्याची नोंद दहावी झालेल्या दोन मुली वहीत आणि मोबाइलवर ठेवतात. कंपनी ही येवो की दुसरी, वही आपल्याजवळ असली की बोलणी करता येतात. यंदा त्या मुलींना प्रशिक्षणासाठी पाठवायचे आहे. तुमच्या मंडळीत कोणी करार-कायद्याचे जाणकार असतील, तर पैशापेक्षा त्यांचे चार दिवस आम्हांला हवे आहेत.

चुलीचा प्रश्न वस्तीनेच सोडवला. जाड, सरळ पऱ्हाटी आधी बाजूला काढायची, तिची किडकी बोंडे झोडून खड्ड्यात टाकायची, म्हणजे अळीही जाते. ही जाड पऱ्हाटी ज्यांना वावर नाही त्यांच्या घरी जाते. बारीक काड्या, मुळे आणि उरलेले सगळे खड्ड्यात. त्यामुळे कोळसा निम्माच होतो आणि माझा वरचा हिशेबही निम्म्यावर येतो. परवा त्या आजीच्या घरी गेले, तेव्हा पडवीत छपराला टेकेल एवढी पऱ्हाटी रचलेली होती आणि आजी बाहेर ओट्यावर बसून शेवटच्या मोळीची बोंडे झोडत होती.